बॅटरीला गोड पाणी

आमच्या घरात सगळ्यांत जास्त मान बॅटरीचा होता. घर कसलं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं कुणाच्या तरी वावरात प्लॉट पाडले होते, त्यातला एक मी घेतला आणि त्यावर जमलं तेवढं बांधलं. पुढच्या खोलीतली भिंतीलगतची गार जागा इन्व्हर्टरच्या बॅटरीला दिलेली होती. पाहुणा आला तर त्याला दारातल्या खुर्चीत ऊन खात बसावं लागे, पण बॅटरीला ऊन लागू द्यायचं नाही असा नियम होता. कारण साधं होतं. माय ऑक्सिजनच्या मशीनवर होती, मशीन लाइटवर होतं, आणि लाइट कुणाच्याच हातात नव्हती.

मायची फुप्फुसं चुलीच्या धुरानं गेली होती. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला. जन्मभर तिनं तीन दगडांच्या चुलीवर, ओल्या काट्याकुट्यांवर स्वयंपाक केला, पालात बसून, चुलीत तोंड खुपसून फुंकणीनं जाळ केला, आणि म्हातारपणी चार पावलं टाकली तरी तिला धाप लागायला लागली. मग नाकात नळी आली. मशीनचा घुर्र-फुस्स आवाज घरात कायम असायचा. तो थांबला की आम्ही तिघंही मान वर करायचो. लाइट गेली की इन्व्हर्टर ‘टक्’ करायचा, आवाज पुन्हा सुरू व्हायचा, आणि आमच्या माना खाली व्हायच्या.

मी वाळूजला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते. लग्न केलं नव्हतं. का, ते इथं सांगण्याचं कारण नाही. दिवसभर मायपाशी आबा, माझे वडील, असायचे. तिला उठवून बसवणं, नळी नीट करणं, पाठ चोळणं, घोट घोट पाणी पाजणं हे सगळं तेच करायचे, आणि माझ्यापेक्षा चांगलं करायचे. मी घाईची माणूस. मी पाजलं की निम्मं पाणी तिच्या पोलक्यावर.

आबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं. गाव पिशोरच्या पलीकडं. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून निघायचं ते पाऊसकाळाच्या तोंडाशी परतायचं. पुढं चरायची रानं राहिली नाहीत, गुडघे राहिले नाहीत, आणि एका कोरड्या वर्षी त्यांनी शेवटची मेंढरं विकून टाकली. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला गुण होता म्हणून लोक सांगायचे. अडलेली मेंढी, पोट फुगलेलं कोकरू, सगळे आबांकडं घेऊन यायचे. त्यांची एक सवय मला लहानपणापासून आठवते. अनोळखी पाण्यावर गेलं की कळप मागं रोखून धरायचा, आधी स्वतः ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं, जिभेवर फिरवायचं, आणि मगच ‘हुर्र’ करून मेंढरं सोडायची. कुठल्या विहिरीचं पाणी जड, कुठल्या डोहाचं हलकं, हे ते डोळे मिटून सांगायचे.

ती दुष्काळाची वर्षं होती, आणि शहर नेमकं त्याच वर्षांत आमच्या दिशेनं धावत सुटलं होतं. आज बोडकं वावर दिसलं की उद्या तिथं खुंट्या आणि दोऱ्या, परवा बोअरची गाडी. जो तो शेजाऱ्यापेक्षा खोल जायचा. आमच्या बोअरचं पाणी होतं तेव्हा खारट होतं, नंतर तेही आटलं. नळाची लाइन येणार होती. मी राहायला गेले तेव्हापासून ती येतच होती. वापरायला टँकर होता. प्यायचं पाणी मी गुलमंडीच्या मागं राहणाऱ्या एका मैत्रिणीकडून आणायचे. तिच्या नळाला आठवड्यातून कधीतरी पाणी यायचं, पण यायचं. कामावरून येताना स्कूटीच्या पुढ्यात कॅन, दोन्ही गुडघ्यांनी घट्ट धरलेला, अशी मी शहरभर फिरायचे. घरी आलं की ते पाणी हंड्यात ओतून वर फडकं बांधायचं. आम्ही त्याला गोड पाणी म्हणायचो. आबांनी त्याच्या वाटण्या करून टाकल्या होत्या. सकाळी ज्याचा त्याचा तांब्या भरून ठेवायचा, आणि संपला की संपला. मायच्या तांब्याला तेवढी मर्यादा नव्हती.

बॅटरी बसवायला आलेला मिस्त्री चंपा चौकाकडचा, बोलघेवडा माणूस होता. त्यानं आम्हाला बॅटरीच्या पाठीवरची सहा बुचं दाखवली. प्रत्येक बुचात एक कांडी. पाणी कमी झालं की कांडी खाली जाते आणि लाल खूण दिसते. मग तिथून पाणी घालायचं. बॅटरीच्या पाण्याचा एक कॅनही त्यानं ठेवला.

आबांनी विचारलं, “म्हंजी हिला तहान लागती?”

“हौ बाबा,” मिस्त्री हसत म्हणाला. “बहोत पीती. गरमी में तो जास्तीच.”

तो हे गमतीनं म्हणाला. आबांनी गमतीनं घेतलं नाही. दाराशी बांधलेलं मुकं जनावर तहानलेलं ठेवून माणसानं घोट घेऊ नये, हे त्यांचं शास्त्र होतं, आणि त्या दिवसापासून बॅटरी त्या शास्त्रात बसली. सकाळी उठून आधी तिच्यापाशी जायचं, वाकून सहाही बुचं बघायची, धोतराच्या सोग्यानं धूळ पुसायची. मला बरं वाटायचं. एक काम कमी झालं, आणि म्हाताऱ्याचा वेळही जातो.

तो उन्हाळा फार वाईट होता. लाइट वेळापत्रकानं जायचीच, पण नव्या घरांनी डीपीवर एवढा बोजा टाकला होता की वेळापत्रकाबाहेरही जायची. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! बॅटरीच्या पाण्याचा कॅन हळूहळू उतरताना मला दिसत होता, म्हणजे आबा वेळेवर पाणी घालत होते. आणखीही काही दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. आबांच्या धोतराला बारीक बारीक भोकं पडायला लागली. मी म्हटलं, बिडी पुन्हा सुरू केलीत, आणि तीही ऑक्सिजनच्या घरात! माय खाटेवर बसून ती भोकं रफू करायची आणि मला म्हणायची, “आसू दे, आसू दे.” मध्येच आबांचं पोट बिघडलं, ते बरेच दिवस बिघडलेलंच राहिलं. आणि पडवीपुढं त्यांनी लावलेलं लिंबाचं रोप, आसपासची मोठी झाडं वाळत असताना, चांगलं तरारून आलं होतं.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. लाइट गेली. इन्व्हर्टरनं टक् केलं, मशीन सुरू झालं, मी भाकरी मोडली, आणि घास तोंडात जायच्या आत इन्व्हर्टर टूं टूं टूं ओरडायला लागला. मग तोही थांबला. मशीननं एक लांब शिटी मारली आणि घर एकदम गप्प झालं.

मायनं हातातला घास ताटात ठेवला. ती घाबरली की बोलायची नाही, फक्त खांदे वर घ्यायची. तिचे खांदे वर गेले आणि तिथंच राहिले. आबांनी तिला मागून धरलं. कोपऱ्यात अडीअडचणीसाठी एक सिलिंडर उभा होता. मी त्याची किल्ली फिरवली, ती हलेना, मग दोन्ही हातांनी फिरवली, नळी त्याला लावली, आणि फुस्स आवाज आला तेव्हा मला माझ्याच छातीत हवा गेल्यासारखं वाटलं. तिचे ओठ निळसर झाले होते. ते पुन्हा नीट दिसेपर्यंत मी तिच्याकडंच बघत राहिले. ते ओठ मला अजूनही दिसतात.

सिलिंडर जन्माला पुरणार नव्हता. मी बॅटरीपाशी बसले. दिवसभर नट-बोल्टात असते, एवढं तर मला जमायला हवं होतं. आधी इन्व्हर्टरचा फ्यूज काढून बघितला, तो चांगला होता. मग बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरट हिरवा थर दिसला, ओल्या भिंतीवर फुलतो तसा. मनात म्हटलं, सापडला चोर. वायरी सोडवल्या, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशनं टोकं घासली, कोरडी केली, पान्यानं नट आवळले. मशीन जोडलं नाही. त्याच्याऐवजी एक साधा दिवा लावून बघितला. दिवा लागला, पिवळा पडला आणि विझला. बुचांच्या कांड्या बघितल्या तर सगळ्या वर, अगदी ताठ. म्हणजे पाण्याची कमतरता नव्हती. मला वाटलं इन्व्हर्टरचं कार्डच गेलं. मी मिस्त्रीला फोन केला. आबा मायच्या पाठीशी बसून सगळं बघत होते. “पाणी तर हाय तिला,” ते मला म्हणाले. “काल सांच्याला बी दिलंय.”

संध्याकाळी ऊन उतरायच्या आत मिस्त्री आला. त्यानं मीटरच्या दोन सुया टोकांना लावल्या आणि तोंड वाकडं केलं. मग पिशवीतून काचेची पिचकारी काढली. तिच्यात एक छोटी कांडी तरंगत असते. बॅटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, जेवढं तेज, तेवढी कांडी वर. त्यानं पहिल्या बुचातून ओढलं. कांडी तळाला जाऊन बसली. दुसऱ्यातून ओढलं, तेच. सहाही बुचं झाल्यावर त्यानं पिचकारी उजेडात धरून मला दाखवली.

“मॅडम, इसमें नुस्ता पाणीच है. तेजाब हैच नहीं. भर भर के डाले, तेजाब ऊपर से बहके गया. कोन डाला पाणी?”

“म्या,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता. “येळच्या येळी घातलंय. एक दिस चुकलो नाय.”

“कौनसा डाला?”

“बोरचं नाय घातलं, टँकरचं नाय घातलं. मला काय कळत नाय व्हय? गोड पाणी घातलं.”

मी कॅनकडं बघितलं. मिस्त्रीनंही बघितलं. “और ये?” त्यानं विचारलं.

“त्ये?” आबांनी हात झटकला. “त्ये चाखून बघितलं म्या. त्याच्यात जीवच नाय. मेलेलं पाणी हाय त्ये, ना चव ना ढव. आसलं पाणी म्या मेंढराला नसतं पाजलं, आन् हिच्या जिवावर तर माझं मानूस हाय. वाया नाय घालवलं, लिंबाच्या रोपाला घालतो. हिला म्या माझ्या तांब्यातलं देतो. माझ्या वाटणीचं. तुमच्या दोघींचं नाय घेतलं.”

खोलीत सिलिंडरचा फुस्स आवाज तेवढा येत होता. मला सगळं एकदम कळलं. धोतराची भोकं तेजाबाची होती. पोट टँकरच्या पाण्यानं बिघडलं होतं. त्या उन्हाळ्यात, जेव्हा माणसं हंड्यासाठी एकमेकांच्या झिंज्या धरत होती, माझे आबा टँकरचं गढूळ पाणी पिऊन आपलं गोड पाणी बॅटरीला पाजत होते, कारण बॅटरी त्यांच्या बायकोला श्वास देत होती. आणि त्या पाण्यानंच ती मेली होती.

मिस्त्री वाईट माणूस नव्हता. पण बोलघेवडा माणूस बोलून जातो. “अरे बाबा, गोड पाणीच तो जहर है इसकू! गोड पाणी में खार रहता, वो प्लेटांकू खा जाता. ये मरा हुआ पाणीच लगता इसकू. तुम तो पिला पिला के मार डाले ना बिचारीकू.” आणि मग वातावरण हलकं करावं म्हणून त्यानं सांगितलं की या वर्षी लोक काय वाट्टेल ते घालतात, कुणी फिल्टरचं, कुणी कूलरचं, एका बाईनं तर देवघरातलं गंगाजल घातलं होतं. तो हसला. मीही, का कोण जाणे, थोडी हसले.

आबा हसले नाहीत. त्यांनी बॅटरीकडं बघितलं, मग मायच्या नाकातल्या नळीकडं, मग सिलिंडरकडं. “म्हंजी दुपारी ही तळमळली,” ते सावकाश म्हणाले, “ती माझ्या हातानं.”

“अवं, काय बी काय,” माय म्हणाली. तिला एवढंच बोलता आलं. मी म्हटलं तेजाब बदलून चालेल का. मिस्त्री म्हणाला, “नक्को मॅडम, प्लेटांच गए, अब दुसरीच लगेगी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नवी बॅटरी घेऊन आला. जुनी उचलताना आबा पडवीत उभे होते. “कुठं नेतो तिला?” त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाला, भंगारात, फोडून आतलं शिसं काढतील. आबांनी मान हलवली. खाटकाच्या गाडीत मेंढरं चढताना ते असेच मान हलवायचे आणि दुसरीकडं बघायचे. नवी बॅटरी ट्रॉलीत बसली, वायरी आवळल्या, टोकांना व्हॅसलीन लावलं. मिस्त्रीनं पुन्हा सहा बुचं दाखवली, पण दाखवायला समोर मी एकटीच होते. आबा आत आले नाहीत.

मला वाटलं, चार दिवस रुसतील आणि येतील. माणूस म्हातारा, त्यातून धनगर, त्यातून माझा बाप. हट्टाला तोटा नव्हता. मी मुद्दाम बॅटरीच्या पाण्याचा नवा कॅन त्यांच्यापुढं ठेवला. “हे घ्या आबा, आता हेच घालायचं. काम तुमचंच.”

“नगं, बाई,” ते म्हणाले. “माझ्या हाताला आता गुण नाय.”

आबा तिथंच थांबले असते तरी मला चाललं असतं. बॅटरीला पाणी मीही घातलं असतं, घालतच होते. पण एक दिवस मी कामावरून आले तर मायची जीभ कोरडी पडलेली. तांब्या तिच्या उशाशी भरून ठेवलेला, वर फुलपात्र झाकलेलं, आणि तिला हात वर करायचं त्राण नव्हतं. आबा पडवीत बसलेले. मी तिला पाणी पाजलं, नेहमीसारखं निम्मं सांडलं, आणि विचारलं, “आबांना का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की,” माय म्हणाली. “त्ये पाजत न्हाईत आता. तांब्या जवळ आनून ठिवतात आन् भायेर जातात. शेजारणीला हाका मारत्यात, तू पाज म्हून.”

मी पडवीत गेले ती भांडायलाच. “आबा, बॅटरी म्हणजे मेंढी नाही, आणि माय म्हणजे बॅटरी नाही! ती माणूस आहे. तिला पाणी चालतं. गोडच चालतं!”

“व्हय, बाई,” आबा म्हणाले. ते माझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. “तुझं बराबर आसंल. पर मला आता कळत नाय, कुनाला काय चालतंय आन् काय नाय. लई वर्सं वाटायचं, मला कळतं.”

पुढचे काही आठवडे मी सगळं करून बघितलं. लाडानं सांगितलं, ओरडून सांगितलं, डॉक्टरांनाही सांगायला लावलं. पालथ्या घड्यावर पाणी. आबा मायच्या खाटेजवळ यायचे, पायांपाशी बसायचे, तिच्याशी बोलायचे, पण तिला हात लावायचे नाहीत. नळी सरकली तर मला हाक. मी नसले तर शेजारच्या मावशींना. मायनंही आपल्या परीनं करून बघितलं. धाप लागत असतानाही ती थट्टा करायची. “अवं, तुमच्या हातचं काय काय खाल्लं मी. येकदा तर तुम्ही बाभळीच्या डिंकाची भाजी केली व्हती. ती पचली, आता पान्यानं मरते व्हय?” आबा हसायचे, आणि उठून बाहेर जायचे.

एकदा आबा दळण आणायला गेले असताना माय मला म्हणाली, “मला ठावं व्हतं गं.”

“काय?”

“त्ये आपला तांब्या तिला घालतात त्ये. म्या बघायचे ना हितून. वाकून वाकून घालायचे, येक थेंब सांडू द्यायचे न्हाईत. मला लई बरं वाटायचं.” ती थांबली, श्वास घेतला. “मी घास घेतला का, मी झोपले का, ह्ये त्येंनी जल्मात कधी तोंडानं इचारलं न्हाई. तेवढं पानी घालताना बघितलं की मला वाटायचं, इचारलंच की.”

तिला एकच हवं होतं. चांगली हवा नको, चांगला डॉक्टर नको. त्या माणसानं पूर्वीसारखं तिच्या मानेखाली हात घालून तिला पाणी पाजावं, एवढंच. आणि एवढं मला तिला देता येत नव्हतं. दुकानात जाऊन बॅटरी आणता येते, हे कुठून आणणार होते मी!

आषाढ कोरडा गेला. टँकर चालू होते. माय दिवसेंदिवस उशीत खोल जात होती. शेवटच्या आठवड्यात मी रजा काढली. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात न्यायचं तर न्या, पण घरीच असू द्या असं मी म्हणेन. ती नको म्हणाली. घरीच ठेवली.

त्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला लाइट गेली. इन्व्हर्टरनं टक् केलं आणि मशीन चालू राहिलं, अगदी व्यवस्थित. बॅटरीत काही कसूर नव्हती. तरी तिचा श्वास तुटत तुटत यायला लागला, दोन श्वासांच्या मध्ये मला पंखा ऐकू यायला लागला. शेजारच्या मावशी आल्या, त्यांनी तिच्या पायांना हात लावून बघितला आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनीच सांगितलं. मग त्या दाराकडं वळून आबांना म्हणाल्या, “आबा, आत या. तोंडात पाणी घाला तिच्या. तुमच्या हातचं पहिलं.”

आबा आत आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. आले. खाटेशेजारी बसले, आणि मला आता आठवतं ते हे की त्यांनी मायच्या मानेखाली हात घातला, पूर्वी घालायचे तसाच. मायनं डोळे उघडले. तिनं त्यांना ओळखलं. मी शपथेवर सांगते, ओळखलं. ओठ थोडे उघडे केले. मी फुलपात्रात गोड पाणी घेतलं आणि चमचा आबांच्या हातात दिला. त्यांनी चमचा भरला, तिच्या तोंडापर्यंत नेला, आणि तिथं त्यांचा हात थांबला. ते माझ्याकडं वळले.

“ह्ये चालंल ना हिला?”

“चालतं, आबा. घाला.”

“कोनतं हाय ह्ये?”

“गोड आहे, आबा. आपलंच आहे. घाला ना लवकर.”

“तू येकदा बघ. नक्की चालंल ना?”

“नक्की,” मी म्हटलं. मी जवळजवळ ओरडले. “नक्की!”

त्यांनी चमचा तिच्या ओठांना लावला आणि तिरपा केला. मशीन चालू होतं, पण ती थांबली होती. पाणी आत गेलं नाही. ते तिच्या ओठांच्या कडेनं गालावर उतरलं आणि उशीवर गेलं. आबांनी ते बोटानं पुसलं. मग माझ्याकडं बघून ते म्हणाले, “बघ बाई. नाय चाललं तिला.”